एक ठराव, सात कृती आणि अडकलेलं चौथं मत

पार्श्वभूमी

सात संस्था मिळून एक सामायिक नोंदवही चालवत होत्या. नोंदी सगळ्यांच्या, पण मालकी कुणा एकाची नको, आणि सर्व्हर चालवणाऱ्यालासुद्धा आतला मजकूर दिसता कामा नये, अशी अट होती. त्यासाठी त्यांनी कॉन्फिडेन्शियल कन्सॉर्टियम फ्रेमवर्क, म्हणजे सीसीएफ निवडलं. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये ‘कोको’ या नावाने जाहीर केलेली ही चौकट २०१९ पासून मुक्त स्रोत आहे. नोड, म्हणजे ही नोंदवही चालवणारे सर्व्हर, प्रोसेसरमधल्या सुरक्षित कप्प्यात चालतात आणि लेजरमधला, म्हणजे नोंदवहीतला, खाजगी मजकूर कूटबद्ध राहतो. कारभाराच्या नोंदी मात्र लेजरवर उघड्या असतात. कुणी काय मांडलं आणि कुणी काय मत दिलं, हे कुणालाही तपासता येतं.

कारभार चालतो तो सदस्यांच्या ठरावांवर. ठराव म्हणजे एक जेसन फाइल (माहिती ठरावीक साच्यात लिहिलेली मजकुराची फाइल), तिच्यात एकामागून एक कृती. नियम ठरवते ती ‘घटना’, आणि ती चक्क जावास्क्रिप्टमध्ये असते. तिच्यात तीन फंक्शनं महत्त्वाची. व्हॅलिडेट ठराव मांडताक्षणी त्याचा आकार तपासतं. रिझॉल्व्ह दर मतानंतर चालतं आणि ठराव मंजूर झाला की अजून खुला आहे ते सांगतं. अप्लाय मंजूर ठराव अमलात आणतं. मत हेही कोडच असतं. मूळ ठराव हातात घेऊन खरं किंवा खोटं परत करणारं ते एक छोटं फंक्शन. बहुतेक जण त्यात ‘खरं’ एवढं एकच लिहून मोकळे होतात. (नोडही आपापसात नेता निवडण्यासाठी मतदान करतात, पण त्याचा या मतदानाशी काही संबंध नाही. नवख्या माणसाची इथे हमखास गल्लत होते.)

या गटाने सोबत मिळणारी नमुना घटना जवळपास तशीच उचलली होती. नियम साधा होता: सक्रिय सदस्यांच्या निम्म्याहून जास्त मतं पडली की ठराव मंजूर. सातांत चार.

‘सक्रिय’ या शब्दावर पुढचं सगळं प्रकरण उभं आहे. सदस्य ठरावाने नोंदवला की तो नुसता ‘स्वीकृत’ होतो. मग त्याने लेजरची ताजी स्थिती मागवायची, स्वतःच्या किल्लीने तिच्यावर सही करून पोच द्यायची, तेव्हा कुठे तो सक्रिय होतो, मोजणीत येतो आणि मत देऊ शकतो. ज्या सदस्याने सहीच्या सर्टिफिकेटबरोबर (म्हणजे त्याची ओळख पटवणाऱ्या डिजिटल फाइलीबरोबर) कूटबद्धतेची किल्लीही दिली असेल, त्याला सक्रिय होताना रिकव्हरीचा हिस्साही मिळतो. सगळे नोड एकदम कोसळले तर लेजर पुन्हा उघडायला या हिश्श्यांपैकी ठरावीक संख्या जमवावी लागते. मागे आदी शमीर यांची १९७९ सालची गुपित वाटून ठेवण्याची पद्धत आहे. या गटाची मर्यादा चार होती, म्हणजे सातांतले कोणतेही चार हिस्से पुरेत.

संस्थांची नावं इथे देत नाही. त्यांना क, ख, ग, घ, च, छ, ज म्हणू.

अडचण

तीन गोष्टी एकाच वेळी पुढ्यात आल्या. ग संस्थेत किल्ली सांभाळणारी व्यक्ती सोडून गेली आणि तिचा लॅपटॉप पुसून दुसऱ्याला दिला गेला. च संस्थेने बैठकांना येणं थांबवलं होतं, निरोपांना उत्तर नव्हतं. ट, ठ आणि ड या तीन नव्या संस्था दारात उभ्या होत्या. सदस्य वाढणार म्हणून रिकव्हरीची मर्यादा चारावरून सहावर न्यावी, असंही बैठकीत ठरलं.

बैठकीत हे सगळं एका दमात मंजूर झालं, म्हणून क संस्थेच्या तांत्रिक माणसाने ते एकाच ठरावात बसवलं. ठराव असा होता:

कृती १ : रिमूव्ह मेंबर, ग (जुनं सर्टिफिकेट)
कृती २ : रिमूव्ह मेंबर, च
कृती ३ ते ६ : सेट मेंबर, ग (नवं सर्टिफिकेट), ट, ठ, ड
कृती ७ : सेट रिकव्हरी थ्रेशोल्ड, ६

व्हॅलिडेटने ठराव बिनतक्रार स्वीकारला. क, ख आणि ज यांची मतं पडली. चौथं मत घ संस्थेचं. त्यांनी ते पाठवलं आणि सर्व्हरने ५०० क्रमांकाची चूक परत केली, म्हणजे ‘सर्व्हरच्या आत काहीतरी बिघडलं’ एवढंच.

घ संस्थेने साहजिकच आपल्याकडे दोष शोधला. सहीची पद्धत तपासली, सर्टिफिकेटची मुदत पाहिली, दुसऱ्या यंत्रावरून मत पाठवलं. उत्तर तेच. मग छ संस्थेने प्रयत्न केला, त्यांनाही तीच चूक. गटाच्या चॅटवर “घ आणि छ दोघांच्या किल्ल्या बाद झाल्या आहेत, नव्या द्या” इथपर्यंत गोष्ट गेली. आधीच एक किल्ली हरवलेली, त्यामुळे दोघांच्या बाद झाल्या यावर लोकांचा विश्वासही पटकन बसला.

दोष किल्ल्यांत नव्हता. चौथं मत पडताच रिझॉल्व्हने ठराव मंजूर केला आणि त्याच विनंतीत अप्लाय चालू झालं. पहिल्या दोन कृतींनी सक्रिय सदस्य सातावरून पाचावर आणले. पुढच्या चारांनी नवे सदस्य नोंदवले, पण फक्त ‘स्वीकृत’ म्हणून, कारण पोच द्यायला त्यांना अजून संधीच मिळालेली नव्हती. सातव्या कृतीने मर्यादा सहा करायला घेतली, तेव्हा हिस्सा असलेले सक्रिय सदस्य होते पाच. सहा हिस्से हवेत आणि अस्तित्वात पाचच, असं होऊ न देण्याची अट त्या कृतीतच आहे, तिने काम थांबवलं. अप्लाय अर्ध्यावर फसलं की सगळा व्यवहारच टाकून दिला जातो. कृती एक ते सहा मागे फिरल्या ते बरंच झालं, पण ज्या मतामुळे हे घडलं ते मतही त्यांच्याबरोबर गेलं. ठराव पुन्हा तीन मतांवर, ‘खुला’. आणि चूक झाल्याचा निरोप मिळाला तो बिचाऱ्या शेवटच्या मतदाराला.

व्हॅलिडेटला हे का दिसलं नाही? ते मर्यादेचा आकडा पूर्णांक आहे का आणि हद्दीत आहे का, एवढंच बघतं. त्या क्षणी सक्रिय सदस्य किती असतील हे ठराव मांडताना कळणं शक्यच नसतं. चाचणी नेटवर्कवर या गटाने प्रत्येक कृती सुटी सुटी चालवून पाहिली होती. सातही एकत्र, खऱ्या क्रमाने आणि पोच न देता, कधीच नाही.

पर्याय

कारण कळल्यावर चार सूचना पुढे आल्या.

पहिली, तोच गठ्ठा ठेवायचा आणि मर्यादा सहाऐवजी पाच करायची. तांत्रिकदृष्ट्या हे पार पडलं असतं, पाच सक्रिय आणि मर्यादा पाच. म्हणूनच ही सूचना सगळ्यांत घातक होती. नवे सदस्य पोच देईपर्यंत पाचांतला प्रत्येक हिस्सा अनिवार्य झाला असता. त्या दिवसांत नोड कोसळले असते आणि एक किल्ली सापडली नसती, तर लेजर कायमचं बंद. जी अट मोडल्यावर कोड ओरडतो तिच्या अगदी काठावर जाऊन उभं राहण्यात शहाणपण नाही, पण चूक एकदा दिसली की ती जेमतेम टाळणारा आकडा शोधण्याचा मोह होतोच.

दुसरी, आधी ग आणि च दोघांना काढायचं, मग भर घालायची. हिशेब स्वच्छ, मर्यादा चार, हिस्से पाच. पण सक्रिय सदस्य पाच म्हणजे बहुमत तिघांचं. तीन किल्ल्या एकत्र आल्या की घटनासुद्धा बदलता येणार, आणि हे नेमकं किल्ल्या कुठे आहेत याची शंका असलेल्या काळात.

तिसरी, आधी सगळे नवे आत घ्यायचे, जुन्यांना शेवटी काढायचं. संख्या कधीच खाली जात नाही. पण यात ग संस्थेची दोन सर्टिफिकेटं एकाच वेळी सक्रिय राहतात. सीसीएफमध्ये सदस्याची ओळख म्हणजे त्याच्या सर्टिफिकेटचा हॅश, म्हणजे त्या फाइलीवरून गणिताने काढलेला ठसा. किल्ली ‘बदलणं’ अशी कृतीच नाही, नवा सदस्य येतो आणि जुना जातो. मधल्या काळात ग संस्थेला दोन मतं. जुनी किल्ली पुसली गेली असं सगळे म्हणत होते, पण ते कुणी पाहिलं नव्हतं. हरवलेली किल्ली नष्टच झाली असेल, असं धरून चालणं मला तरी पटत नाही.

चौथी सूचना ख संस्थेची. आधी घटनाच दुरुस्त करा, सर्टिफिकेटऐवजी संस्था मोजा, मग बाकीचं. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातलं हे सर्वांत नेमकं निदान होतं. बैठकीत सगळे संस्था मोजत होते आणि कोड सर्टिफिकेटं मोजत होता. एरवी दोन्ही आकडे सारखेच येत, म्हणून फरक कुणाच्या लक्षात आला नव्हता. पण निदान बरोबर असलं तरी वेळ बरोबर नव्हती. जी किल्ली कुणाच्या हाती आहे हे ठाऊक नाही ती सक्रिय असताना मोजणीचे नियम बदलायला घेणं, आणि तेही चाचणीची सवय नसलेल्या गटाने, हे कुणालाच रुचलं नाही.

निर्णय आणि कृती

तिसऱ्या सूचनेत एक बदल करून ती स्वीकारली गेली: ग संस्थेचं जुनं सर्टिफिकेट पहिल्याच ठरावात काढायचं, च संस्थेला मात्र शेवटपर्यंत ठेवायचं. म्हणजे ग संस्था पोच देईपर्यंत बिनमताची राहील, पण तिला दोन मतं कधीच मिळणार नाहीत. ग संस्थेने याला लगेच होकार दिला. च संस्था गप्प असली तरी मोजणीत राहिल्यामुळे सक्रिय सदस्य सहा राहणार होते आणि कोणताही ठराव चार मतांशिवाय होणार नव्हता.

ठराव हाताने लिहिणं थांबलं. पायथनमध्ये एक लहान स्क्रिप्ट केली गेली. सदस्यांची यादी आणि हवे ते बदल दिले की ती जेसन तयार करी आणि शेजारी तीन आकडे छापी: ठराव लागू होताच सक्रिय सदस्य किती, त्यांतले हिस्सेवाले किती, पुढच्या ठरावाला मतं किती लागतील. त्याच ठरावाला साजेसं मतही ती तयार करून देई. हे मत नुसतं ‘खरं’ म्हणत नव्हतं. समोर आलेल्या ठरावातल्या कृती आणि बैठकीत मान्य झालेल्या कृती शब्दशः जुळतात का ते बघून मगच होकार देत होतं. चाचणी नेटवर्कवर आता अख्खी मालिका चालवली गेली, आणि नव्या सदस्यांनी मुद्दाम उशिरा पोच दिली तर काय होतं तेही पाहिलं गेलं.

पहिला टप्पा पार पडला: ग जुनं बाहेर, ग नवं आणि ट, ठ, ड स्वीकृत. सक्रिय सहा.

दुसरा टप्पा मर्यादेचा. पोच यायला वेळ लागणार हे दिसत होतं, म्हणून ठराव आधीच मांडून ठेवायचा आणि मतांतच अट घालायची असं ठरलं. मताच्या फंक्शनला लेजरमधले कारभाराचे तक्ते वाचता येतात. तेव्हा अट अशी: ‘हिस्सा असलेले सक्रिय सदस्य किमान दहा असतील तरच खरं.’ साठवलेली सगळी मतं दर नव्या मताच्या वेळी पुन्हा चालवली जातात, त्यामुळे आज खोटं ठरलेलं मत उद्या खरं ठरू शकतं. यात एक खाच आहे. पोच आली म्हणून मोजणी आपोआप होत नाही, त्यासाठी नवं मतच पडावं लागतं. या गटाकडच्या सीसीएफच्या आवृत्तीत दिलेलं मत बदलता येत नव्हतं. सगळ्यांनी आधीच मतं देऊन टाकली असती तर अट पूर्ण होऊनही ठराव तसाच पडून राहिला असता. म्हणून पाच जुन्या संस्थांनीच मतं दिली आणि बाकीच्यांनी हात राखून ठेवला.

चारही पोच आल्या. सक्रिय सदस्य दहा, बहुमत सहाचं. ग संस्थेने नव्या सर्टिफिकेटवरून सहावं मत दिलं. ठराव खुलाच राहिला.

या वेळी कुणी किल्ल्यांवर संशय घेतला नाही. तक्ते उघडले तर सक्रिय दहा, पण हिस्सेवाले नऊ. ठ संस्थेने सर्टिफिकेट पाठवलं होतं, कूटबद्धतेची किल्ली मात्र पाठवलीच नव्हती, आणि ठरावात ती ऐच्छिक असल्यामुळे कुठे अडलं नाही. ठ संस्था मत देऊ शकणारी, पण रिकव्हरीत हिस्सा नसलेली सदस्य झाली होती. अशा सदस्याची मुभा मुद्दामच ठेवलेली आहे, पण इथे कुणाला तसं नको होतं. ठ संस्थेला किल्लीसकट पुन्हा नोंदवणारा ठराव झाला, तिने पुन्हा पोच दिली, आणि ट संस्थेने मर्यादेच्या ठरावावर सातवं मत टाकताच सातही मतं खरी ठरली. मर्यादा सहा झाली, हिस्से नव्याने वाटले गेले.

अट मतात नसती तर हा ठराव सहाव्या मतालाच मंजूर झाला असता, कारण सहा ही संख्या नऊपेक्षा कमीच आहे. ठ संस्थेकडे हिस्सा नाही हे कदाचित थेट रिकव्हरीच्या दिवशी कळलं असतं.

तिसरा टप्पा च संस्थेचा. नव्या संस्थांना इथे संकोच होता. आल्या आल्या कुणा जुन्याला बाहेर काढायच्या ठरावावर मत देणं त्यांना बरं वाटेना. दहांत सहा हवेत, आणि ग धरून जुन्या संस्था बरोबर सहा होत्या. त्यांनीच तो मंजूर केला. हिस्सेवाला सदस्य गेला की लेजरची किल्ली बदलते आणि उरलेल्यांना नवे हिस्से मिळतात, तसं झालं.

शेवटी ख संस्थेची घटनादुरुस्ती. प्रत्येक सदस्याच्या माहितीत संस्थेचा संकेत ठेवायचा आणि रिझॉल्व्हने संकेतानुसार मतं एकत्र करायची, ही कल्पना सोपी होती. पण एका संस्थेची दोन सर्टिफिकेटं वेगवेगळं बोलली तर? कोणतंही एक ‘खरं’ पुरेसं धरलं तर चोरलेली किल्ली मत देऊ शकते. दोन्ही लागतील म्हटलं तर हरवलेली किल्ली संस्थेचं तोंड बंद करते. यावर चर्चा लांबली. शेवटी ठरलं ते असं: एकाने मत दिलं आणि दुसरं गप्प असेल तर दिलेलं मत धरायचं, दोघांत विरोध असेल तर त्या संस्थेचं मत मोजायचंच नाही. म्हणजे खऱ्या किल्लीवाल्याला विरोधी मत देऊन खोट्याला निष्प्रभ करता येतं. हा तोडगा निर्दोष नाही. ज्याच्याकडे चोरलेली किल्ली आहे तोही याच वाटेने खऱ्याचं मत अडवू शकतो. पण अडवणूक उघड्या लेजरवर दिसते आणि त्यावर पुढचा ठराव आणता येतो, या युक्तिवादावर सगळे थांबले.

संकेत मोकळ्या मजकुरात ठेवला असता तर एकच संस्था दोन स्पेलिंगांनी दोन ठरली असती, म्हणून व्हॅलिडेटमध्ये ठरावीक यादीची सक्ती आली. घटना आणि रिकव्हरीची मर्यादा बदलायला आता दोन तृतीयांश संस्था लागतात. ही तुलना भागाकाराने नव्हे, गुणाकाराने लिहिली आहे: होकाराच्या तिप्पट एकूणच्या दुपटीएवढे किंवा जास्त. नऊ संस्था असताना सहा होकार. एकमताची अट एकाने सुचवली होती. ग संस्थेचं उदाहरण ताजं असल्यामुळे ती टिकली नाही.

निष्पत्ती

नऊ संस्था, नऊ सक्रिय सर्टिफिकेटं, मर्यादा सहा. त्यानंतर ज संस्थेने आपली किल्ली ठरल्या वेळी बदलली तेव्हा जुनं आणि नवं सर्टिफिकेट काही काळ एकत्र राहिलं आणि मोजणीला धक्का लागला नाही.

घटनादुरुस्तीच्या आधी खुल्या ठरावांची यादी सहज वाचताना एक गोष्ट सापडली. अगदी पहिला, फसलेला सात कृतींचा गठ्ठा अजून खुलाच होता, तीन बिनशर्त मतांसह. सक्रिय सदस्य वाढले असले तरी ग, ट, ठ आणि ड यांना त्याने जुन्या फाइलींनी पुन्हा नोंदवून ‘स्वीकृत’वर आणलं असतं, हिस्सेवाले पुन्हा पाचच उरले असते आणि सातवी कृती पुन्हा अडली असती. आणखी थोडी मतं पडली असती तर निर्णायक मत देणाऱ्याला पुन्हा तीच ५०० ची चूक मिळाली असती. ठराव मागे घ्यायचा अधिकार फक्त मांडणाऱ्याला असतो, क संस्थेने तो त्याच दिवशी मागे घेतला. घटना बदलली की बाकीचे खुले ठराव आपोआप रद्द होतात, त्यामुळे पुढे तो गेलाच असता, पण मधल्या सगळ्या काळात तो तसाच पडून होता.

वेगळं काय करता आलं असतं

फसलेला ठराव त्याच तासाला मागे घ्यायला हवा होता. ‘चूक आली’ म्हणजे ‘संपला’ असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

५०० ची चूक आल्यावर दुसऱ्या संस्थेने तेच मत पाठवण्याआधी चुकीचा पूर्ण मजकूर वाचला असता, तर किल्ल्यांचा संशय उद्भवलाच नसता. हिस्सेवाले सदस्य मर्यादेपेक्षा कमी आहेत हे त्यात लिहिलेलं होतं. मत पाठवण्यासाठी गट वापरत असलेली स्क्रिप्ट फक्त क्रमांक दाखवत होती. ती एक ओळ बदलायला फार कष्ट नव्हते, आणि नंतर ती बदललीही.

गठ्ठा करावा की नाही यावर गटात अजून एकमत नाही. क संस्थेचं म्हणणं, एकत्र ठरलेलं एकत्रच लागू व्हावं, नाहीतर पहिला टप्पा झाल्यावर कुणी दुसऱ्याला पाठ फिरवली तर काय? यात तथ्य आहे. ग संस्थेचं जुनं सर्टिफिकेट काढणं आणि नवं घेणं एकाच ठरावात असणं गरजेचंच होतं. पण ज्या कृतीचं यश दुसऱ्या कुणाच्या पोचेवर अवलंबून आहे, ती त्याच ठरावात घालता येत नाही. तिथे अट मतात लिहिणं हाच मार्ग उरतो.

राहता राहिला मुदतीचा प्रश्न. खुल्या ठरावाला कालमर्यादा असावी असं सगळ्यांना वाटतं, पण सुरक्षित कप्प्याला बाहेरच्या घड्याळावर भरवसा ठेवता येत नाही, त्यामुळे ‘अमुक तारखेनंतर रद्द’ असं घटनेत लिहिणं फसवं ठरेल. सध्या दर बैठकीच्या सुरुवातीला खुल्या ठरावांची यादी वाचून दाखवली जाते आणि मांडणाऱ्याने तिथेच सांगायचं, ठेवतोय की मागे घेतोय.